बिअरच्या नळ्या आणि माझं नाक

लिथगोच्या पबमध्ये पहिला घोट तोंडात घेतला आणि मी थुंकायला भांडं मागितलं. काउंटरमागची बाई माझ्याकडे बघतच राहिली. लेकीने मागून माझा पदर ओढला.

"आई, इथे थुंकत नाहीत. त्यात करोना चाललाय."

"मग काय करू?"

"गिळ."

गिळला. सत्तरीला टेकलेली बाई मी, दारूचा थेंब कधी घशाखाली गेला नव्हता, आणि त्या दिवशी सकाळी अकरा वाजता परक्या मुलखात बिअर प्यायले. त्यानंतर बाथर्स्टला प्यायले, ऑरेंजला प्यायले, मजीला, डबोला, आणि मधल्या बारक्या बारक्या गावांत, जिथे एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि एक पब एवढीच वस्ती. सिडनीत बायकांनी हे ऐकून तोंडाला पदर लावले. त्यांना कारण माहीत नव्हतं. कारण सांगते. माफी मागत नाही.

मी फेब्रुवारीत आले होते, तीन महिन्यांसाठी. लेक सिडनीतल्या ब्लॅकटाउनला एका खोलीच्या घरात एकटी राहायची. इथल्या युनिव्हर्सिटीत खाण्यापिण्याच्या वस्तू तपासायचं शिकली आणि एका लॅबमध्ये कामाला लागली होती. तिच्या हातचं तीन महिने आयतं खाऊन, समुद्र बघून मी परत जायची होते. मार्चमध्ये विमानं बंद झाली. तिची लॅब बंद झाली. आणि तिला ताप आला.

चौदा दिवस आम्ही दोघी त्या घरात कोंडून होतो. ती खोलीत, मी दाराबाहेर ओट्यापाशी गादी टाकून. ताट दारात ठेवायचं, दोन पावलं मागं सरकायचं. मला काही झालं नाही. का नाही झालं ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. तिचा ताप उतरला, ती उठली, लॅपटॉप घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून बसायला लागली. एक दिवस मी अंघोळीला गेले असताना छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. मी ओल्या अंगाने बाहेर आले. डाळ करपून कोळसा झालेली, घरभर धूर, आणि ही तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेली.

"अगं, तुला वास नाही आला?"

"कसला?"

मी हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाशी धरली. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग लसूण ठेचून दिला. मग तिनेच फिनेलची बाटली उघडली. काही नाही. नाक गेलं होतं. जिभेचंही तसंच, मीठ आणि साखर तेवढी कळायची.

तेव्हा टीव्हीवर सांगत होते, ज्यांचा व्हिसा कच्चा आहे त्यांनी आपापल्या देशात जावं. जायचं कशानं, पोहत? सरकारी मदत आमच्यासारख्यांना नव्हती. दोन महिने तिने अर्ज केले. जूनमध्ये पब हळूहळू उघडायला लागले आणि एक काम मिळालं. पबमध्ये बिअरची पिंपं तळघरात असतात. तिथून नळ्या वर येतात, नळाला. तीन महिने बंद राहिल्यावर त्या नळ्यांत घाण धरली होती. औषधाचं पाणी सोडून त्या धुवायच्या, परत साध्या पाण्याने धुवायच्या, मग बिअर ओढून चाखायची, आणि कागदावर सही करायची की बरोबर आहे. गावोगाव फिरून करायचं काम. कंत्राटदार एक म्हातारा गोरा. त्याने फोनवरच मुलाखत घेतली. शेवटी विचारलं, नाक कसं आहे तुझं?

लेक म्हणाली, "एक नंबर."

मी शेजारी भाकरी थापत होते. इंग्रजी मला कळत नाही, पण नाकाला इंग्रजीत काय म्हणतात ते कळतं. फोन ठेवल्यावर मी पुढची भाकरी थापायला घेतली. ही नोकरी गेली तर इथून गाशा गुंडाळायला लागणार होता. तीन वर्षं रात्रंदिवस शिकली होती ती, सगळं पाण्यात.

मला घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून तिने पहिल्या फेरीला बरोबर घेतलं. डोंगर चढून लिथगोला गेलो. ती तळघरात दोन तास राबली. मी गाडीत बसलेले. मग ती बाहेर आली, गाडीत बसली आणि स्टिअरिंग धरून समोर बघत राहिली.

"काय झालं?"

"धुतल्या नळ्या. आता चाखून सही करायची. आई, मला साबणाचं पाणी आणि बिअर सारखंच लागतंय."

"मग मी कशाला बसलेय इथे?"

"तुला काय कळणार बिअरमधलं?"

मी तिच्याकडे बघितलं. तीच खाली बघायला लागली. कारण तिला माहीत होतं मला काय कळतं ते.

आमच्या खाडीकाठच्या वस्तीत मी अकरा वर्षं हातभट्टी लावली. नवरा गेला तेव्हा ही पोटात होती आणि मोठा चार वर्षांचा. धुणीभांडी करून बघितली. दोन घरं मिळाली, एक सुटलं. मग शेजारच्या म्हातारीने दाखवलं ते शिकले. काळा गूळ, नवसागर, पाणी, पिंपात भरून चिखलात पुरायचं. रसायन पिकलं की नाही ते हात घालून नाही कळत, वासाने कळतं. एक दिवस आधी काढलं तर फुकट, एक दिवस उशीर झाला तर आंबून जातं. पोलिसांची धाड पडली की पिंपं फोडायचे, मला दोनदा चौकीत बसवलं, एकदा बाईपोलिसाने कानाखाली मारली. दुसऱ्या दिवशी परत गूळ आणला.

मी मात्र प्यायले नाही. जिभेवर घ्यायची, थुंकायची. एवढं सांगते, वस्तीत बाकीचे धार वाढवायला नको नको ते टाकायचे, माझ्या भट्टीचं पिऊन कुणी आंधळं झालं नाही. पण पिऊन कुणाचं घर बसलं नाही असं मी म्हणणार नाही. एक बाई माझ्या दारात येऊन मुलाला कडेवर घेऊन उभी राहायची. बोलायची नाही. नुसती उभी. तिच्या नवऱ्याला मी देणं बंद केलं, तो पुढच्या भट्टीवर गेला. ह्यात माझं पाप किती ते मला मोजता येत नाही.

लेक शिकली ती त्या गुळावर. इथं आल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, आईने भाजी विकून शिकवलं. मी आले तेव्हा आमच्या बौद्ध मंडळींनी एका हॉलमध्ये माझा सत्कार केला. शाल दिली. भाजीवाली माय म्हणून टाळ्या वाजवल्या. मी शाल घेऊन गप्प बसले. लेकीची अब्रू होती.

तर त्या दिवशी लिथगोला मी गाडीतून उतरले. पबच्या दारात एक वही होती, करोनाची. कोण आलं, फोन नंबर काय, लिहायचं. मी चौथी शिकलेली, माझं नाव मराठीत लिहिलं. आत शिरले, नऊवारी नाही पण साडीच, वर लेकीचं जाकीट. चार नळांचे चार पेले पुढे आले. पहिलीलाच थुंकायला भांडं मागितलं, ते वर सांगितलंच. गिळली ती, ठीक होती. दुसरी ठीक. तिसरी तोंडात घेतली आणि पेला लेकीकडे सरकवला.

"हिच्यात धुण्याचं पाणी राहिलंय," मी म्हटलं. "परत सोड पाणी."

तिने सोडलं. परत चाखली. आता बरी होती. लेकीने सही केली.

मग तसंच चालू झालं. आठवड्यातून तीन दिवस गाडी, दोन रात्री कुठल्यातरी मोटेलात. खिडकीबाहेर मेंढ्या, सुकलेली झाडं, मैलभर माणूस नाही. लेक तळघरात, मी वर कोपऱ्यात. तेव्हा उभ्याने प्यायला बंदी होती. टेबलावर बसायचं, लांब लांब, वाढणारी टेबलाशी येणार. मला ते आवडलं. आमच्याकडे गिऱ्हाईक उभ्या उभ्या ओतायचं, मिठाचा खडा चाटायचं आणि गटाराच्या बाजूला आडवं व्हायचं. इथे म्हातारे शेतकरी एक पेला घेऊन तासभर पावसाबद्दल बोलत बसायचे. आम्ही सिडनीच्या म्हटल्यावर खुर्च्या मागं सरकवायचे. एकजण लेकीला म्हणाला, रोग घेऊन आलात ना? मी विचारलं काय म्हणतोय. तिने सांगितलं. मी म्हटलं, "त्याला सांग, रोग आला तो विमानाने, साहेब लोकांबरोबर. मी आले तेव्हा मला सर्दीपण नव्हती." तिने सांगितलं की नाही कोण जाणे. तो हसला मात्र.

आणि मला बिअर कळायला लागली. पिवळी मला पाणचट लागते. काळी असते एक, करपलेल्या गुळासारखी, ती मला आवडली. नुसतं चाखायचं असायचं तेव्हाही मी पेला संपवायची. आवडली तर आवडली.

मजीला एका पबने माझा फोटो काढला, साडीत, हातात काळा पेला. नेटवरच्या त्यांच्या पानावर टाकला. कुणीतरी तो ब्लॅकटाउनला पोचवला. फोटोला पाय फार.

रविवारी झूमवर वंदना असायची. तीस-चाळीस घरं, चौकटी चौकटी. आमची पंचशीलं एक ताई म्हणायची, मागून आम्ही सगळे. चांगली बाई, मोठ्या हुद्द्यावर. त्या रविवारी चार शीलं मी मोठ्याने म्हटली. पाचवं आलं, दारू न पिण्याचं. मी तोंड मिटून बसले. महिनाभर मी असंच करत होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी सगळ्या माझ्याच चौकटीकडे बघत होत्या.

"मावशी," ताई म्हणाली, "तुमचा आवाज येत नाही. म्यूट आहे का?"

"म्यूट नाही. मी पाचवं म्हटलं नाही."

"का?"

"चौथं काय आहे? खोटं बोलायचं नाही. पाचवं घेऊन मंगळवारी पिणार असेन तर चौथं मोडलं. म्हणून चारच घेते."

लेक शेजारून माझ्या मांडीवर हात दाबत होती. कुणीतरी चुकचुकलं. एक बाई म्हणाली, "मावशी, ह्या वयात? तुमच्याकडे बघून आमची मुलं काय शिकतील? तुम्ही भाजी विकून—"

"भाजी नाही विकली मी," मी म्हटलं. "दारू गाळली. अकरा वर्षं. ती शाल पाहिजे तर उद्या परत पाठवते."

चाळीस चौकटींत माणसं उगाच पाणी प्यायला लागली. ताईने वंदना पुढं चालू केली. मी शेवटपर्यंत बसले, हात जोडून. उठून गेले नाही. ती वंदना माझीपण आहे.

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत म्हणाली, "आता सगळ्यांना कळलं. एक कंत्राटदार मालक तेवढा राहिलाय." आणि हसली. पण हसण्यात जीव नव्हता.

मालकालाही कळायची वेळ आली. डबोच्या पुढं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या पबने तक्रार केली, तुमच्या पोरीने नळ्या धुतल्या तरी एका नळाची बिअर नासकी येते. इथे थंडी ऑगस्टात असते, त्या थंडीत मालक स्वतः गाडी हाकत आला. माझ्याच वयाचा, अर्ध्या चड्डीत, गुडघे लाल. आम्ही पोचलो तेव्हा तो पबमध्ये बसलेला. शेजारी पबची मालकीण, हाताची घडी घालून. त्याने टेबलावर तीन पेले मांडले आणि लेकीला म्हणाला, ह्यातली नासकी कुठली आणि का, सांग.

लेकीने पहिला पेला उचलला, नाकाशी नेला, ठेवला. दुसरा उचलला. तिच्या कपाळावर घाम आला, त्या थंडीत. मला दिसत होतं, ती आता अंदाजाने बोट ठेवणार. तीनातलं एक. लागलं तर लागलं.

"ठेव तो पेला," मी म्हटलं.

"आई, गप्प बस."

"त्याला सांग, नाक गेलंय. मार्चमध्येच गेलंय. आतापर्यंत सगळं आईने चाखलं."

"तो हाकलून देईल मला."

"आणि चुकीच्या पेल्यावर बोट ठेवलंस तर? मग तर चोरी पण आणि अडाणीपण. सांग. मी म्हणते तसंच्या तसं सांग. मला येत असतं तर मीच सांगितलं असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे वळली आणि बोलली. सगळं सांगितलं की नाही हे मला तिच्या तोंडावरून नाही, त्याच्या तोंडावरून कळलं. तो आधी लाल झाला. मग ओरडला. लेक मान खाली घालून उभी. मला त्याचे शब्द कळले नाहीत पण ओरडणं कुठल्याही भाषेतलं कळतं, मी चौकीत बसलेली बाई.

तो श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात मी तिन्ही पेले माझ्याकडे ओढले. पहिला घोट घेतला. ठीक. दुसरा. ठीक, पण शिळा, पिंप संपत आलंय. तिसरा तोंडाशी नेला आणि परत ठेवला. प्यायची गरज नव्हती.

"ही. खवट लोणी आणि त्यावर ताक आंबल्याचा वास. पण हे नळीचं नाही. नळीचं असतं तर पहिल्याला पण असतं, दोन्ही एकाच नळीतून येतात ना? नळाची तोटी उघडा. तिथे अडकलंय."

लेकीने सांगितलं. पबची मालकीण म्हणाली, तोटी तर आम्ही रोज पुसतो. मी म्हटलं, "बाहेरून." हे मात्र लेकीने सांगायच्या आधीच म्हाताऱ्याने खिशातून पाना काढला होता. तोटी खोलली. आत बोटभर काळा चिकटा.

तो त्या चिकट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. काहीतरी विचारलं.

"विचारतोय, कुठे शिकलीस," लेक म्हणाली.

"सांग."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

तिने पहिल्यांदा, माझ्यासमोर, परक्या माणसाला सांगितलं की माझी आई दारू गाळायची. आवाज लटपटला नाही तिचा. म्हातारा काही हसला बिसला नाही. डोकं खाजवलं.  आम्ही दोघी उभ्या. मला वाटलं, गेली नोकरी. मी मनात सामान बांधायलाही लागले होते, पातेलं, तवा, कुकर.

शेवटी तो लेकीशी बोलला, हळू; काय ते तिने मला नंतर सांगितलं. खोटं बोललीस ते विसरणार नाही, म्हणाला. चूक कागदावर लिहिली जाईल. पण नळ्या तू चांगल्या धुतेस, सगळ्यांत चांगल्या, तेही खरं. आजपासून चाखायचं तू नाही आणि तुझ्या आईने तर नाहीच, तिच्या व्हिसावर मी तिला कामाला हात लावू देऊ शकत नाही. पबचा माणूस चाखेल, तोच सही करेल. नाक परत आलं की मला सांग. खरं सांग. मग उठला, माझ्याकडे बघून डोक्यावरची टोपी जराशी उचलली आणि गेला.

लेक मटकन खुर्चीत बसली. "राहिली नोकरी, आई."

"ऐकलं."

"तुला कुठं कळलं?"

"त्याने टोपी उचलली ना."

दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. पबच्या दारात गाडी थांबली. लेक पाइप, बादली, हातमोजे काढायला लागली. म्हणाली, "आई, थंडी लई आहे. हीटर चालू ठेवते, तू गाडीतच बस. आता तुला आत काही काम नाही."

तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण मी उतरले. दारातल्या वहीत नाव लिहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले, पेटलेल्या शेकोटीजवळ. वाढणारी मुलगी आली. तिला वाटलं मी धुणाऱ्यांच्या माणसांतली.

"फॉर टेस्टिंग?" तिने विचारलं.

"नो," मी म्हटलं. "स्मॉल. डार्क. फॉर मी."

पेला आला. फेस जाईपर्यंत थांबले. सावकाश प्यायले. अर्धा झाला तेव्हा लेक तळघरातून वर आली, ओले हात जाकिटाला पुसत. पेल्याकडे बघितलं.

"आता कशाला? आता तर गरज नव्हती."

"गरज होती तेव्हा तुझ्यासाठी प्यायले. बस समोर."

तिने आजूबाजूला बघितलं. दोन म्हातारे आमच्याकडे बघत होते. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली.